एवढं कागदावर लिहू नका, डॉक्टर!

मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. विशी-पंचविशीतला मुलगा स्ट्रेचरवर आडवा असतो. सोबत वडील असतात, थोरला भाऊ असतो, कधी नुसतीच आई. मुलगा ‘घेतो’ हे घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि डॉक्टरलाही ते पहिल्या दोन मिनिटांत उमगलेले असते. मग वडील डॉक्टरांना जरा बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘‘उपचार सगळे करा साहेब, पैशांचं मी बघतो. पण एवढं कागदावर लिहू नका.’’

या विनंतीत हसण्यासारखे काही नाही. मुलाची नोकरी अजून कायम झालेली नसते. धाकट्या बहिणीला पाहायला पुढच्याच आठवड्यात पाहुणे यायचे असतात. विम्याचे लोक कागद बघून पैसे नाकारतील ही धास्ती असते आणि ‘गर्द’ म्हटले की मागोमाग पोलीस आलेच, असा सर्वसाधारण समज असतो. समोरचा निवासी डॉक्टरही माणूसच. त्याच्यापुढे आणखी दहा रुग्ण तिष्ठत असतात. तो क्षणभर थांबतो आणि लिहितो : उलट्या-जुलाब, अशक्तपणा. किंवा : चक्कर येऊन पडला. सलाईन लागते, दोन दिवसांनी मुलगा घरी जातो आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी कपाटात ठेवले जाते. कागद स्वच्छ राहिला म्हणून घर सुटकेचा नि:श्वास टाकते.

प्रश्न असा की, हा कागद असतो कोणासाठी? घराण्याच्या अब्रूचा दाखला म्हणून काही तो लिहिलेला नसतो. पाळी बदलल्यावर येणारी परिचारिका तो वाचते. उद्या हाच मुलगा मोटारसायकलवरून पडला आणि हाड बसवायची वेळ आली, तर भूल देणारे डॉक्टर तो मागतात. महिन्याभराने दुसऱ्या गावी पुन्हा असेच काही झाले, तर तिथला अनोळखी डॉक्टर तोच कागद उलगडतो. या मंडळींना रुग्णाविषयी त्या कागदाबाहेरचे काहीही ठाऊक नसते. बरे, ‘व्यसनी आहे’ एवढे दोन शब्द लिहून तरी भागते का? तेही नाही. अफूच्या वर्गातल्या नशेपुरते बोलायचे तर रुग्ण त्या घटकेला नेमका कोणत्या अवस्थेत होता, हे लिहिल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही.

चढलेली आणि उतरलेली

अफू, तिच्यापासून निघणारी मॉर्फिन आणि कोडीन, त्यांच्यापासून बनवलेले हेरॉईन (आपल्याकडे त्याचा गावठी अवतार म्हणजे ब्राऊन शुगर, अर्थात गर्द), आणि कारखान्यात तयार होणारी ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांसारखी वेदनाशामके ही सगळी एकाच कुळातली. शरीरावर त्यांचे कामही साधारण एकाच पद्धतीने चालते. नशा चढलेली असताना डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि श्वास मंद होत जातो. मात्रा फार झाली तर तो मंदावत मंदावत थांबतो. या नशेतले मरण बहुतेक वेळा असे श्वासाच्या वाटेने येते आणि शेजारी बसलेल्यांना वाटते, गाढ झोप लागली आहे, घोरतोय.

नशा उतरली की चित्र बरोबर उलटे होते. हेरॉईनच्या बाबतीत शेवटच्या खेपेनंतर साधारण सहा ते बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे वाहू लागतात, अंगावर काटा येतो, बाहुल्या विस्फारतात, पोटात पिळे पडतात, उलट्या-जुलाब होतात आणि हाडे कोणी मोडून काढतो आहे असे वाटते. मुंबई-पुण्याच्या गर्दुल्ल्यांच्या भाषेत ही ‘टर्की’. इंग्रजी बोलीतला शब्द आपल्या फुटपाथवर येऊन मराठी झाला. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या ती सहसा जिवावर बेतत नाही. मात्र ज्याला लागते त्याला हे कोणी सांगून पटत नाही.

म्हणजे एकाच व्यसनाची दोन टोके. औषधेही दोन टोकांची. चढलेल्या नशेत श्वास बुडत असेल तर नॅलोक्सोनचे इंजेक्शन द्यायचे. ते काही मिनिटांत अफूचा अंमल मोडते आणि निपचित पडलेला मुलगा उठून बसतो. नातेवाइकांना तो चमत्कार वाटतो आणि घरी जायची घाई सुरू होते. पण नॅलोक्सोनचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. पोटात गेलेले द्रव्य त्याहून चिवट असेल, तर तोच मुलगा रिक्षात किंवा घरच्या अंथरुणावर पुन्हा बुडू लागतो. काय घेतले होते, हे केसपेपरवर असेल तरच डॉक्टर त्याला अडवून ठेवणार.

उलट, टर्कीवर जे उत्तम औषध समजले जाते ते ब्युप्रेनॉर्फिन. सरकारी केंद्रांतूनही ते जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या रूपात मिळते. त्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक. मेंदूत ज्या खुर्च्यांवर हेरॉईन बसलेले असते, त्या खुर्च्यांवरून त्याला उठवून हे स्वतः ठाण मांडते. मात्र काम त्याच्याइतके करीत नाही. (कचेऱ्यांतून असे साहेब आपण पाहिलेले आहेत.) खुर्च्या रिकाम्या झाल्या असतील, म्हणजे नशा उतरून टर्की सुरू झाली असेल, तर रुग्णाला यामुळे स्वस्थता लाभते. पण खुर्च्या भरलेल्या असताना, नशा अजून अंगात असताना ही गोळी दिली, तर सावकाश यायची ती टर्की थोड्याच वेळात, सगळीच्या सगळी एकदम अंगावर कोसळते. एकदा हे भोगलेला मुलगा पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढेलच असे नाही. नॅलट्रेक्सोन नावाचे आणखी एक औषध आहे. त्याआधी तर सात ते दहा दिवस कोरडे जावे लागतात.

तेव्हा ‘शेवटचे कधी घेतले?’ ही केसपेपरवरची सर्वांत मोलाची ओळ. आणि कागद स्वच्छ ठेवण्याच्या नादात नेमकी तीच गाळली जाते.

एफ ११

डॉक्टर जे शब्दांत लिहितात त्याचे रुग्णालयाच्या दप्तरात आकड्यांत रूपांतर होते. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिची दहावी आवृत्ती मे १९९० मध्ये जागतिक आरोग्य सभेने मंजूर केली. रोगाला एक अक्षर आणि पुढे आकडे अशी तिची रचना आहे. मनोविकारांचे अक्षर ‘एफ’. त्यात १० ते १९ ही घरे नशेच्या द्रव्यांची : दहावर दारू, अकरावर अफूचे कूळ, बारावर गांजा-चरस, चौदावर कोकेन, सतरावर तंबाखू. पंधराव्या घरात उत्तेजकांबरोबर कॅफिनलाही जागा दिलेली आहे. सकाळच्या चहाशिवाय ज्यांचे डोके उठते अशा सज्जनांनी याची नोंद घ्यावी.

घरानंतर टिंब आणि टिंबानंतर अवस्था. एफ ११.० म्हणजे नशा चढलेली. ११.१ म्हणजे अपायकारक सेवन. ११.२ म्हणजे अवलंबन, ज्याला आपण व्यसन म्हणतो. ते ठरवायला सहा खुणा दिल्या आहेत. तीव्र ओढ, किती आणि कधी घ्यायचे यावर ताबा न राहणे, न मिळाल्यास टर्की, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढत जाणे, बाकीच्या आवडीनिवडी सुटत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही घेत राहणे. वर्षभरात यांतल्या तीन किंवा अधिक एकत्र आढळल्या तर अवलंबन म्हणावे, असा दंडक आहे. या सहांत चोरी नाही, खोटे बोलणे नाही, आईच्या बांगड्या विकणे नाही. घराला जे सर्वांत आधी दिसते ते यादीत नाही. यादी करणाऱ्यांनी ते बाहेर ठेवले, कारण त्यांना रोग मोजायचा होता, चारित्र्य नव्हे.

इथवर यायला मात्र फार वर्षे लागली.

दोन भाऊ, दोन याद्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख होते झाक बर्तियाँ. १८९३ साली शिकागोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात त्यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. सर्वांत विस्तृत स्वरूपात तिच्यात १६१ शीर्षके होती. ती हळूहळू अनेक देशांनी उचलली, ठरावीक वर्षांनी सुधारली, आणि आजची आंतरराष्ट्रीय यादी तिचीच थेट वंशज आहे.

या झाकचा धाकटा भाऊ म्हणजे आल्फाँस बर्तियाँ. तो पॅरिसच्या पोलीस कचेरीत होता. डोक्याची लांबी, मधले बोट, डावे पाऊल अशी मापे घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत त्याने बसवली. बोटांच्या ठशांचे युग येण्यापूर्वी जगभरच्या पोलिसांनी ती वापरली. एका भावाने रोग्यांची यादी केली, दुसऱ्याने गुन्हेगारांची. व्यसनी माणसाचे दुर्दैव असे की, पुढची शंभर वर्षे तो या दोन भावांच्या कपाटांमध्ये येरझारा घालीत राहिला.

त्याच १८९३ साली ब्रिटिश सरकारने अफूच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून, मुंबईतही बसून, शेकडो साक्षी नोंदवल्या. अफूच्या महसुलावर सरकारचे पोट होते हे विसरून चालणार नाही. १८९५ चा निष्कर्ष असा निघाला की, इथले बहुतेक लोक अफू बेतानेच घेतात आणि चिंतेचे फारसे कारण नाही. रोग नाही, गुन्हाही नाही, केवळ सवय! कागदावर काय लिहायचे हे कधीकधी लिहिणाऱ्याच्या तिजोरीवरही ठरते.

१९४८ साली यादीची सहावी आवृत्ती नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतली. तिच्यात नशेच्या सवयीला जागा मिळाली, पण ती ‘स्वभाव, वर्तन आणि बुद्धी यांचे विकार’ या सदरात. थोडक्यात, दोष स्वभावाचा. १९५७ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘व्यसन’ आणि ‘सवय’ असा भेद करून पाहिला. तो टिकला नाही. १९६४ मध्ये त्या दोन्ही शब्दांऐवजी ‘अवलंबन’ हा शब्द सुचवला गेला आणि तोच रूढ झाला. ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हती. ‘तो व्यसनी आहे’ या वाक्यात माणूसच रोग होतो. ‘तो अवलंबून आहे’ म्हटले की कशावर, किती, कधीपासून, हे प्रश्न विचारता येतात. आता अकरावी आवृत्ती आली आहे. २०१९ मध्ये ती संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात या कुळाचा पत्ता ६ सी ४३ असा आहे. दप्तरे मात्र एका रात्रीत बदलत नसतात. पुष्कळ ठिकाणी अजून एफ ११ चाच वापर चालू आहे.

पुण्यातला संगणक, ओहायोतला कागद

या आकड्यांचा अगदी कीस पाडला तो अमेरिकेने. तिथे रुग्णालयाचे बिल विमा कंपनी किंवा सरकार भरते आणि बिलाला रोगाचा आकडा जोडल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यामुळे जागतिक यादीची त्यांनी स्वतःची विस्तृत प्रत तयार केली. १ ऑक्टोबर २०१५ पासून ती लागू आहे. आधीच्या प्रतीत सुमारे १४ हजार आकडे होते, या प्रतीत ते ७० हजारांच्या घरात गेले.

हे आकडे घालायचे काम करणारी शेकडो मराठी मुले-मुली पुण्यात आणि नवी मुंबईत बसलेली आहेत. कोणी जीवशास्त्राचे पदवीधर, कोणी औषधनिर्माणशास्त्राचे, कोणी दवाखाना न चाललेले डॉक्टर. शेजारपाजारच्यांना सांगताना ‘आयटीत आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ओहायो किंवा केंटकीच्या एखाद्या रुग्णालयातला केसपेपर त्यांच्या पडद्यावर उघडतो आणि ती ओळ न् ओळ वाचून आकडा ठरवतात. त्यांना मेडिकल कोडर म्हणतात.

समजा, कागदावर लिहिले आहे : हेरॉईनचे अवलंबन, नशेत आणले. कोडर एफ ११.२२ पर्यंत पोहोचतो. पण इथे थांबता येत नाही. सहावी खूण हवी. नशा साधी असेल तर ११.२२०. भ्रमिष्टपणा, वेळकाळाचे भान सुटलेले असेल तर ११.२२१. नसलेले दिसते-ऐकू येते असे असेल तर ११.२२२. आणि डॉक्टरने यातले काहीच सांगितले नसेल तर ११.२२९. हा शेवटचा ९ म्हणजे डॉक्टरच्या मौनाला दिलेला आकडा समजा.

कोडरला स्वतःची अक्कल चालवायची मुभा नाही. लघवीच्या तपासणीत मॉर्फिन सापडले म्हणून त्याने ‘अवलंबन’ धरायचे नाही. ते फक्त डॉक्टरने म्हणायचे. बाहुल्या बारीक लिहिल्या आहेत म्हणून ‘नशा’ ठरवायची नाही. शंका आली तर डॉक्टरला लेखी विचारणा धाडायची आणि तीही उत्तर सुचेल अशी नव्हे. ‘हे अवलंबनच ना?’ असे विचारणे नियमाबाहेरचे. ‘या लक्षणांविषयी आपले निदान कृपया नोंदवावे’ असे विचारायचे. आपल्याकडच्या तोंडी परीक्षांतून प्राध्यापक याच्या बरोबर उलट वागत, हे अनेकांना आठवेल.

सर्वांत मजेशीर नियम वेगळाच आहे. नशेसह अवलंबन (११.२२) आणि टर्कीसह अवलंबन (११.२३) हे दोन आकडे एका वेळी एकत्र घालायचे नाहीत, असे यादीतच बजावलेले आहे. तर्काला धरून आहे. एकच माणूस एकाच क्षणी चढलेला आणि उतरलेला कसा असेल? पण रुग्णालयात क्षण थांबून राहत नाही. सोमवारी रात्री नशेत आलेला माणूस बुधवारी सकाळी टर्कीत असतो आणि नॅलोक्सोन दिल्यावर तर हा प्रवास पाच मिनिटांत होतो. अशा वेळी कोणती अवस्था कधी होती आणि कशावर उपचार केले, हे डॉक्टरने तारीखवार लिहिले नसेल, तर पुण्यातला कोडर डोक्याला हात लावून बसतो. त्याचे बसणे तसे स्वल्प नुकसानीचे. खरी हानी त्या नोंदीवर विसंबून औषध ठरवणाऱ्याकडून होते.

मात्रा जास्त होऊन जीव धोक्यात आला असेल, तर घर पुन्हा बदलते. तिथे विषबाधेचे ‘टी ४०’ हे घर आधी लावायचे आणि एफ ११ मागून. शिवाय चुकून झाले, मुद्दाम केले, की कोणी दुसऱ्याने घातले, हेही आकड्यातच सांगायचे. डॉक्टर काहीच बोलले नसतील तर ते चुकून झाले असेच धरले जाते. आत्महत्येचा प्रयत्न लपवण्यासाठी घरच्यांना काही करावेही लागत नाही. डॉक्टरने विचारले नाही की काम होते.

एवढी काटेकोर यंत्रणासुद्धा कशी मागे पडते याचे उदाहरण फेंटानिलचे आहे. हेरॉईनहून कित्येक पटींनी जालीम असलेले हे द्रव्य २०१३ च्या सुमारापासून अमेरिकेत माणसे मारू लागले. रुग्णालयांच्या यादीत मात्र ते इतर कृत्रिम द्रव्यांच्या गठ्ठ्यातच मोजले जात होते. त्याला स्वतःचा आकडा मिळाला १ ऑक्टोबर २०२० रोजी. तोवर सात वर्षे गेली होती. २०२१ पासून सलग तीन वर्षे अमेरिकेत नशेच्या अतिमात्रेने दरसाल १ लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य याच कुळातल्या द्रव्यांनी.

हृदयक्रिया बंद पडून

आपल्याकडे काय? आपल्याकडे मोजायलाच कागद नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकरवी देशव्यापी पाहणी करून घेतली आणि २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. त्यासाठी सुमारे २ लाख घरांची दारे ठोठवावी लागली, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांशी बोलावे लागले. अफूच्या कुळातले काही ना काही घेणाऱ्यांची संख्या त्यातून निघाली सुमारे २ कोटी २६ लाख. ज्यांचे सेवन अपायकारक किंवा अवलंबनाच्या पातळीवर गेले आहे, अशांची संख्या जिथे मोठी आहे त्या राज्यांत पंजाबबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. रुग्णालयांच्या दप्तरांतून हे कधीच कळले नसते. तिथे ही मुले उलट्या-जुलाबांत जमा आहेत.

आणि मेल्यावर? देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी पाव हिश्शाहूनही कमी मृत्यूंना डॉक्टरने दिलेले कारणाचे प्रमाणपत्र असते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे आपले लाडके कारण. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर कोणी मेलेले नाही! ती का बंद पडली, हे त्या फॉर्मवर खालच्या ओळींत लिहायचे असते. तरुण पोरगा झोपेत गेला, एवढेच गावाला कळते.

वडिलांची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. विषबाधेचा रुग्ण आला की पोलिसांना कळवण्याची रीत आपल्या रुग्णालयांत आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७ व्या कलमाने नुसते सेवनही गुन्हा ठरवले आहे. हेरॉईनसाठी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे, ते फारसे कोणाला माहीत नसते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात द्रव्य बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. आता उपचार चालू आहेत, पुरे झाले, हे सिद्ध कशाने होणार? कागदाने. ज्या नोंदीला घर घाबरते, तीच इथे मुलाची ढाल आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो. दारू व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच्या २३ व्या कलमात आहे, स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा २५ व्या कलमात. शारीरिक आजाराइतकाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असेही तो कायदा सांगतो. इथवर सारे ठीक. पण विमा नियामकाने २०१९ मध्ये जी प्रमाण वगळणी ठरवून दिली, तिच्यात बाराव्या क्रमांकावर मद्यपान, मादक द्रव्ये आणि कोणतेही व्यसन यांचे उपचार व परिणाम आहेत, आणि पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ते कलम आपल्याला भेटते. एका कायद्याने जो आजार मानला, त्याचाच खर्च दुसऱ्या कागदाने नाकारला. मग बापाने डॉक्टरला बाजूला घेतले तर नवल कसले? हा दोष त्या बापाचा नव्हे, हे जोवर नियम करणाऱ्यांना कोणी विचारत नाही तोवर केसपेपर स्वच्छच राहणार.

डॉक्टरकडे मागायचे असेलच, तर ‘लिहू नका’ऐवजी ‘नीट लिहा आणि कोणाला दाखवू नका’ असे मागता येते. कायदा त्या मागणीच्या बाजूने आहे. डिस्चार्ज कार्डावर कोणते द्रव्य, ओढून की सुईने, शेवटचे कधी, रुग्णालयात काय दिले, हे असावे. आणि एक इशारा असावा, जो आपल्याकडच्या कार्डांवर क्वचित दिसतो : काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर ती आता जीव घेऊ शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा रुग्णालयातून नुकतीच सुटलेली मुले दगावतात ती पुष्कळदा अशी. ‘उलट्या-जुलाब’ असे लिहिलेल्या कार्डावर हा इशारा कोण कशाला लिहील?

एका माणसाला मात्र या आकड्यातून वगळलेच पाहिजे. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरच्या सल्ल्याने मॉर्फिन घेणारे आजोबा. त्यांचीही मात्रा कालांतराने वाढते, औषध एकाएकी थांबवले तर त्यांनाही त्रास होतो. म्हणून ते एफ ११ मध्ये जात नाहीत. अमेरिकन प्रतीत त्यांच्यासाठी दीर्घकाळ वेदनाशामक घेणाऱ्यांचे वेगळे ‘झेड’ घर आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती गाठ थोडी सैल केली. तरी घरातले म्हणतात, ‘‘अहो, सवय लागेल त्यांना.’’ चार महिन्यांचे सोबती असलेल्या माणसाला!

आणि जो सुटला त्याचे काय लिहायचे? अमेरिकन यादीत त्यालाही आकडा आहे, एफ ११.२१. व्यसन होते, सध्या शमले आहे. ‘बरा झाला’ असा आकडा नाही. तीन महिने निभावले तर सुरुवातीचा टप्पा, वर्ष उलटले तर पक्का. पण तारखा मोजून हा आकडा कोडरने घालायचा नाही. शमले आहे असे डॉक्टरने स्वतःच्या शब्दांत लिहायला हवे, नाहीतर वर्षानुवर्षे ११.२० हाच जुना आकडा कागदावरून कागदावर उतरवला जातो. व्यसनमुक्तांच्या गटांत एक वर्ष पुरे झाले की वाढदिवस साजरा करतात, टाळ्या वाजवतात, आई-वडील दोन शब्द बोलतात. दुसऱ्या दिवशी जुने कार्ड घेऊन डॉक्टरकडे जाणारे आणि ‘साहेब, आता हे लिहा’ असे म्हणणारे फार थोडे असतात.